रानरेड्याला कोणती गोळी?

कलबुर्गी जिल्ह्यात बंदूक म्हटली की डोळ्यांसमोर येते ती तुरीच्या रानात डुकरं हाकायला ठेवलेली बारा बोअर. निजामाच्या काळात कलबुर्गी, म्हणजे तेव्हाचं गुलबर्गा, सुभ्याचं ठाणं होतं. तेव्हाच्या बड्यांना शिकारीचा शौक होता, पण इथल्या माळावर मिळायचं काय, तर काळवीट, ससा, डुक्कर. रानम्हैस बघायची तर आज गडचिरोलीत कोलामार्काला जावं लागतं, गवा बघायला दाजीपूरला. मारायचं मात्र मनातही आणू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं दोन्ही जनावरं अनुसूची एकमध्ये आहेत. ती तिथं का गेली हे कुचबिहारचे महाराज नृपेंद्रनारायण यांच्या १९०८ साली छापलेल्या शिकारीच्या हिशेबात दिसतं. सदतीस वर्षांत ४३८ रानम्हशी आणि २०७ गेंडे, तेही एका संस्थानिकाच्या शिकारीत.

रेड्याची कायदेशीर शिकार आता आफ्रिकेत होते, नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला. तिथल्या म्हशी एकोणिसाव्या शतकात इंडोनेशियाकडून आणलेल्या, पुढे मोकाट सुटून रानटी झालेल्या. पण तिथले शिकारी जी काडतुसं खिशात घालून निघतात, त्यांतली बरीचशी आपल्याकडच्या उन्हानं आणि इंग्रज सरकारच्या धास्तीनं घडवली आहेत.

आधी जनावर बघू. पूर्ण वाढीचा आफ्रिकी रेडा सातआठशे किलोचा, आपला रानरेडा त्याहून थोराड. जाड कातडी, तिच्यावर वाळलेला चिखल, आत खांद्याचं हाड, मग फासळ्या आणि त्याही खाली, पुढच्या पायांच्या मध्ये, काळीज. गोळीला एवढं सगळं ओलांडून जायचं असतं. अर्ध्या वाटेत फुटली तर जखमी रेडा झाडीत शिरतो आणि मागावर आलेल्या माणसाची वाट बघत उभा राहतो.

म्हणून कोणती रायफल हा प्रश्नच उलटा आहे. आधी गोळी ठरवावी, मग ती झेपेल असं काडतूस, रायफल सर्वांत शेवटी. नवशिक्याला वेगाची भुरळ पडते. वेगवान, हलकी, पातळ पत्र्याची गोळी हरणाला चांगली, पण रेड्याच्या खांद्यावर ती फुटते आणि वरवरची मोठी जखम करून थांबते. इथं कामाला येतं ते जाडीच्या मानानं जास्त वजन आणि पक्की बांधणी. कॅरामोजो बेल या स्कॉटिश शिकाऱ्यानं हजाराच्या वर हत्ती मारले, त्यांतले बहुतेक .२७५ बोअरच्या ११ ग्रॅमच्या लांबट, न फुटणाऱ्या गोळीनं. शिकारी जिम कॉर्बेटलाही चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली भेट मिळालेली रायफल याच .२७५ बोअरची होती. बेलची नक्कल मात्र कुणी करू नये. तो निशाणबाज होता आणि हत्तीची आतली रचना त्यानं कापून अभ्यासली होती. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनी रेड्यासाठी .३७५ ही किमान मर्यादा घातली ती बाकीच्यांसाठी.

गोळ्यांच्या ढोबळ जाती दोन. सॉफ्ट नोज म्हणजे तांब्याच्या पत्र्यातून शिशाचं टोक उघडं ठेवलेली; ती आत जाऊन छत्रीसारखी उमलते. सॉलिड मुळीच उमलत नाही, सरळ भोक पाडत जाते. जुने शिकारी पहिला बार सॉफ्ट, पुढचे सॉलिड असं भरत. कळपात सॉलिड धोक्याची, कारण एकातून आरपार जाऊन मागच्याला लागते. १९४६ साली जॉन नॉस्लर या अमेरिकन माणसाची गोळी चिखलानं माखलेल्या मूस या थोराड हरणाच्या खांद्यावरच फुटली. मग त्यानं गोळीच्या मधोमध तांब्याचा पडदा ठेवला: पुढचा भाग उमलेल, मागचा शाबूत राहील. आजच्या निव्वळ तांब्याच्या गोळ्या त्याच विचाराच्या पुढच्या पायरीवर आहेत. माझं मत विचाराल तर .३७५ची १९.४ ग्रॅमची चांगली गोळी पुरे. त्याहून मोठ्या रायफलीचा धक्का बसतो म्हणून डोळे मिटून बार काढणारे फार.

आता उन्हाचं. इंग्रजी काडतुसांत कॉर्डाइट भरलेलं असे, दिसायला शेवयांसारख्या काड्या. ही दारू तापली की जोर वाढतो. विलायतेत नीट चालणारं काडतूस गुलबर्ग्याच्या मे महिन्यात, ४२-४३ अंशांत, जास्त दाब करतं. पितळी कवच फुगून नळीत अडकतं. समोर रेडा आणि हातात न उघडणारी रायफल! त्यावर कारागिरांनी दोन तोडी काढल्या. एक, कवच मुद्दाम मोठं ठेवायचं म्हणजे दाब कमी राहतो, १९११ची .४१६ रिग्बी तशी आहे. दुसरी, कवच तोंडाकडे निमुळतं करायचं म्हणजे ते सहज सुटतं; १९१२ची .३७५ हॉलंड अँड हॉलंड तशी. एअरकंडिशन्ड गाडीतून फिरणारा आजचा शिकारीसुद्धा तीच कवचं भरतो.

धास्तीचा किस्सा याहून मजेदार. १८९८ साली रिग्बीनं .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढली आणि मोठ्या जनावराची ती जणू ठरलेली रायफल झाली. पण सरकारी मार्टिनी-हेन्रीही .४५० बोअरच्याच. बंडखोरांच्या हाती पडलेल्या त्या रायफलींना शिकारीच्या गोळ्या चालतील, या भीतीनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि सुदानात .४५०ला बंदी आली. हिंदुस्थान हे तर बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक! लंडन-बर्मिंगहॅमच्या पेढ्यांनी केसभर जाड बोअर बाजारात आणले: .४६५, .४७०, .४७५, .४७६. रेड्याच्या दृष्टीनं यांत डावं-उजवं काही नाही. त्यांतली .४७० आजही आफ्रिकेतली लाडकी दुनळी आहे, ३२ ग्रॅमची गोळी, सेकंदाला साडेसहाशे मीटर. ती जन्मली ती आपल्यावरच्या अविश्वासातून.

तो अविश्वास स्वातंत्र्यानंतरही कायद्यात टिकला. लष्करी .३०३ नागरिकांना मनाई, म्हणून परवानाधारकाला मिळते ती .३१५. तिचं मूळ ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर काडतुसात. ही काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतात, बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं असतात. गोळी सोळा ग्रॅमच्या आतबाहेर, डुकराला भरपूर, रेड्याला अपुरी. आजोबांची .४७० कुणाच्या वाड्यात परवान्यावर अजून असली, तरी तिचं काडतूस खडकीत बनत नाही.