धुऱ्यावरून गेला तो कोण?

तुरीच्या सोंगणीचे दिवस. सेलू-हिंगणीकडच्या एखाद्या धुऱ्यावर सकाळी पंजाचा ठसा दिसतो. दुपारपर्यंत त्याचा फोटो मोबाइलवरून सिंदी मेघेत पोहोचतो. संध्याकाळी पानठेल्यावर एका वाघाचे दोन झालेले असतात आणि रात्री जागलीला जाणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तो वाघ होता की बिबट? एकटा होता की मागे पिल्लं होती? नुसता वाटेने निघून गेला, की इथेच मुक्काम ठोकणार आहे?

या प्रश्नांची खात्रीची उत्तरं आज सागाच्या बुंध्याला पट्ट्याने बांधलेली एक पेटी देऊ शकते. वनखात्यातली माणसं तिला ट्रॅप कॅमेरा म्हणतात.

सिंदी मेघे वर्धा शहराला अगदी लागून आहे. इथून तीस-पस्तीस किलोमीटरवर बोरचं जंगल. १९७० मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. गाभ्याचं क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे गाभ्याच्या हिशेबाने देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. एका प्रौढ नर वाघाचा वावरच पुष्कळदा पन्नास-शंभर चौरस किलोमीटरचा असतो. त्यामुळे बोरमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बछड्याला मोठं झाल्यावर इथेच जागा मिळेल, हे शक्य नाही. त्याला निघावंच लागतं आणि त्याची वाट शेतांतून, नाल्यांतून, पांदण रस्त्यांवरून जाते. ट्रॅप कॅमेऱ्याचं आपल्या भागातलं खरं मोल या वाटेशी जोडलेलं आहे.

उष्णतेची चाहूल

या कॅमेऱ्याचं बटण कुणी दाबत नाही. पेटीच्या दर्शनी भागावर दुधी प्लॅस्टिकची छोटी खिडकी असते. तिच्यामागे एक संवेदक असतो. प्रत्येक सजीवाच्या अंगातून उष्णतेचे अदृश्य अवरक्त किरण बाहेर पडत असतात, ते हा संवेदक टिपतो. त्यातल्या स्फटिकाचे दोन भाग एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दोघांवर सारखीच उष्णता पडली तर त्यांचे संदेश एकमेकांना खोडून काढतात आणि कॅमेरा गप्प राहतो. पण एखादं जनावर आडवं चालत गेलं, की त्याची ऊब आधी एका भागावर पडते, मग दुसऱ्यावर. तेवढ्याने विजेचा एक बारीक झटका तयार होतो आणि सेकंदाच्या आत फोटो निघतो.

म्हणजे नुसती हालचाल पुरेशी नाही आणि नुसती ऊबही पुरेशी नाही. हलणारी ऊब हवी, आणि तिचं तापमान मागच्या दृश्यापेक्षा वेगळं हवं. इथेच विदर्भाचा उन्हाळा परीक्षा घेतो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दगड, पालापाचोळा, वाळलेलं गवत तापून निघतं. दिवसाच्या एखाद्या वेळी जनावराच्या केसाळ अंगाचं तापमान आणि मागच्या झुडपाचं तापमान जवळजवळ सारखं होतं. अशा वेळी समोरून सांबर गेलं तरी संवेदकाला ते वेगळं जाणवेलच असं नाही. उलट, उन्हात तापलेली गवताची पाती वाऱ्याने डोलली, की कॅमेरा रिकाम्या फोटोंनी भरून जातो. म्हणून वनरक्षक कॅमेरा लावण्याआधी समोरचं गवत काढतात आणि उगवता-मावळता सूर्य थेट खिडकीवर येणार नाही अशी दिशा निवडतात. उंची ठेवतात साधारण माणसाच्या गुडघ्याएवढी, म्हणजे वाघाची कूस बरोबर चौकटीत येते.

पट्टे म्हणजे ओळखपत्र

कूसच का? कारण वाघाची ओळख तिथेच लिहिलेली असते. दोन माणसांच्या बोटांचे ठसे जसे जुळत नाहीत, तसे दोन वाघांचे पट्टे जुळत नाहीत. इतकंच काय, एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते. त्यामुळे वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेऱ्यांची जोडी लावतात. एका चालण्यात दोन्ही कुशी टिपल्या गेल्या, तरच त्या वाघाची नोंद पुरी होते. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांच्या फुलांवरूनही अशीच ओळख पटते. रोही आणि रानडुकराला मात्र अशी खूण नसते. तिथे किती जनावरं आहेत हे सांगणं बरंच अवघड जातं.

रात्री वेगाने चालणाऱ्या वाघाचे पट्टे अवरक्त फ्लॅशमध्ये पुसट येतात, म्हणून गणनेसाठी पांढऱ्या फ्लॅशचे कॅमेरे पसंत केले जातात. मग संगणक पट्ट्यांचा नकाशा करून जुन्या फोटोंशी ताडून पाहतो आणि जाणकार डोळे त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब करतात.

तरीही एक अडचण उरते. कॅमेऱ्यात न आलेले वाघ कसे मोजायचे? समजा, पहिल्या फेरीत दहा वेगवेगळे वाघ दिसले. दुसऱ्या फेरीत आठ दिसले आणि त्यांतले चार आधीच ओळखीचे निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतला निम्मा गट ओळखीचा आहे. त्यावरून पहिल्या फेरीतही जंगलातले निम्मेच वाघ दिसले असावेत, म्हणजे एकूण वीसच्या आसपास, असं अनुमान निघतं. प्रत्यक्षातलं गणित यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं असतं, कोणता वाघ कुठे दिसला हेही त्यात धरलं जातं. पण मुळातला विचार हाच.

काचेवरच्या ठशापासून

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी रात्री टिपलेली वन्यप्राण्यांची छायाचित्रं नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने १९०६ मध्ये छापली. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात, आजच्या उत्तराखंडाच्या परिसरातल्या जंगलांत, वाटेवर आडवी तार ताणून वाघांनाच स्वतःचे फोटो काढायला लावले. पट्ट्यांवरून वाघ वेगळे ओळखता येतात, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळे इथे उल्हास कारंथ यांनी या फोटोंना संख्याशास्त्राची जोड दिली.

देशाची अधिकृत गणना मात्र तेव्हाही पाऊलखुणांवरच चालत होती. मातीतला ठसा काचेवर गिरवायचा आणि त्यावरून वाघ मोजायचे. राजस्थानातल्या सरिस्का इथे कागदावर वाघ होते, पण २००४-०५ मध्ये जंगलात एकही उरला नसल्याचं उघड झालं. त्या धक्क्यानंतर पद्धत बदलली. २०२२ च्या गणनेत देशभर ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ४ कोटी ७० लाखांहून अधिक छायाचित्रं जमा झाली. त्यांतली वाघांची होती ९७,३९९, म्हणजे साधारण ४८० छायाचित्रांमागे एक. त्यांतून ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखले गेले. महाराष्ट्राचा अंदाज आला ४४४.

जंगलाबाहेरचा नकाशा

आकडे महत्त्वाचे आहेतच. पण वर्ध्यासारख्या जिल्ह्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाघाच्या वाटा कळणं. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एका कॅमेऱ्यासमोरून वाघ गेला. कित्येक दशकं तिथे वाघ नव्हता. पट्टे ताडून पाहिले तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. चारशेहून अधिक किलोमीटरचं अंतर त्याने शेतं, रस्ते आणि वस्त्या ओलांडत कापलं होतं. दोन फोटोंनी हा सगळा प्रवास जोडला.

या वाटांवर मरणही असतं. २०१७ साली बोरने ते दोनदा पाहिलं. ब्रह्मपुरीकडून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण जंगलात थांबली नाही. ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यातच एका शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने तिचा जीव घेतला. डिसेंबरमध्ये बोरचा ओळखीचा नर वाघ बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत गेला. वाघ नेमका कुठून रस्ता ओलांडतो हे आधी नोंदलेलं असेल, तर पुलाखालून वाट कुठे ठेवायची हे ठरवता येतं. कोणत्या धुऱ्यावरून तो फिरतो हे माहीत असेल, तर त्या शिवारात जीवघेण्या तारेऐवजी सौर ऊर्जेवरचं झटका मशीन आधी पोहोचवता येतं.

कॅमेऱ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो वाघ आणि माणूस यांत भेद करत नाही. मोहफुलं वेचणाऱ्या, सरपण आणणाऱ्या बायाही त्यात टिपल्या जातात. उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या परिसरात असे कॅमेरे आणि ड्रोन बायांवर पाळत ठेवण्यासाठी, त्यांना धाक दाखवण्यासाठी वापरले गेल्याचं केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलं. जंगल हीच ज्यांची रोजची वाट आहे, त्यांच्या चेहऱ्यांची राखण हाही या विज्ञानाचाच भाग मानला पाहिजे. कॅमेरा कुठे लावला आहे हे गावाला सांगावं आणि माणसांचे फोटो कुणाच्याही मोबाइलवर फिरू नयेत, एवढी शिस्त तरी पाळली गेलीच पाहिजे.

कारण हा कॅमेरा शेवटी गावकऱ्यांच्या भरवशावरच उभा असतो. धुऱ्यावर लावलेली पेटी रात्री कुणी काढून नेली नाही, तरच सकाळी तिच्यात काही सापडेल. आणि लोकांनी ती का जपावी, याचं उत्तर लोकांना मिळालं पाहिजे. गोठ्यातली कालवड मारली गेली आणि तिथे कॅमेरा लागला, तर त्यात काय आलं हे त्या घराला त्याच दिवशी कळायला हवं. बिबट असेल तर बिबट, पिल्लांसह वाघीण असेल तर तसं, आणि पुढचे किती दिवस जागलीला एकट्याने जायचं नाही तेही. असं कळत गेलं, तर पुढच्या सोंगणीला धुऱ्यावर ठसा दिसल्यावर हिंगणीचा शेतकरी फोटो काढून तो आधी वनरक्षकाला पाठवील. पानठेल्यावर चर्चा होईलच. पण तो कोण होता आणि कुठे गेला, हे त्या चर्चेत कुणाला तरी ठाऊक असेल.