सर्किटच्या कोपऱ्यातलं नाव

परदेशी मासिकात छापलेलं रेडिओचं सर्किट भारतात बांधायला घेतलं की पहिली अडचण सुट्या भागांची येते. कॉइलसाठी लागणारी लोहचूर्णाची विशिष्ट रिंग, म्हणजे टोरॉइड, पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेलच याची खात्री नसते. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘बिटएक्स-20’ हा ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणारा आणि ऐकणारा सेट, रचला, तेव्हा त्यांनी ही अडचण रचनेची अट म्हणूनच स्वीकारली. टोरॉइड नसेल तर नळाच्या वॉशरवर तार गुंडाळा, असं त्यांनी सुचवलं. अँटेनाकडे जाणाऱ्या लहरीला ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात महागडा आरएफ ट्रान्झिस्टर न घेता आयआरएफ510 हा मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर बसवला. हा मॉस्फेट खरं तर पॉवर सप्लायसारख्या चालू-बंद करण्याच्या कामांसाठी बनलेला, पण स्वस्त आणि सहज मिळणारा. त्यातून सुमारे 6 वॉट मिळतात. एवढं तर घरातला एलईडी दिवाही खातो. तरी 14 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, साथ देत असेल तेव्हा, तेवढ्या ताकदीवर माणसाचा आवाज खंड ओलांडून जातो.

दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन, परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे हवेतलं ओळखनाव, घेऊन हौसेखातर रेडिओ संपर्क साधणाऱ्यांना हॅम म्हणतात. त्यातले काही जण तयार सेट विकत घेण्याऐवजी स्वतः बांधतात. त्याला होमब्रू म्हणायची रीत आहे. ज्या हॅमला आयात केलेला सेट परवडत नव्हता, त्याला बिटएक्सने हवेत आणलं. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे.

ऐकताना अँटेनाकडून आलेल्या 14 मेगाहर्ट्झच्या लहरीत, सेटमध्येच तयार केलेली 4 मेगाहर्ट्झची लहर मिसळतात. दोन्हींच्या वजाबाकीतून 10 मेगाहर्ट्झची लहर मिळते. ती 10 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या फिल्टरमधून जाते. हे क्रिस्टल डिजिटल सर्किटांना ठोका देण्यासाठी ढिगांनी बनतात, म्हणून स्वस्त असतात. हा फिल्टर जेमतेम मानवी आवाज मावेल एवढीच अरुंद पट्टी पुढे सोडतो आणि शेजारच्या स्टेशनांचा गलका अडवतो. मग आणखी एकदा मिश्रण झालं की हेडफोनमध्ये आवाज येतो. बोलताना हेच सगळं उलट क्रमाने घडायला हवं: आवाज 10 मेगाहर्ट्झच्या लहरीवर चढवायचा, त्याच फिल्टरमधून काढून अनावश्यक बाजू छाटायची, 4 मिळवून 14 करायचे आणि अँटेनाकडे धाडायचं. साधारण रचनेत या दोन वाटांसाठी बरेच भाग दोनदा लागतात. फरहान यांनी फिल्टर आणि मिक्सर सामाईक ठेवले आणि मधले अ‍ॅम्प्लिफायर दुतर्फा केले. एक ट्रान्झिस्टर एका दिशेला, दुसरा उलट दिशेला. ज्याला विजेचा पुरवठा द्याल त्या दिशेने सिग्नल वाहतो. भाग कमी लागतात, खर्च उतरतो आणि नवख्या माणसाला सर्किट डोक्यात ठेवता येतं.

आणि हे सगळं त्यांनी प्रसिद्ध करून टाकलं. जगभरच्या हॅमनी बिटएक्स बांधला, 40 मीटर, 80 मीटर या पट्ट्यांना जुळवून घेतला, स्वतःचे पीसीबी म्हणजे छापील सर्किट बोर्ड काढले, किट्स निघाली. फरहान यांनी 2016 मध्ये तयार जोडलेला ‘बिटएक्स-40’ बोर्ड विकायला काढला आणि 2017 च्या अखेरीस 3 ते 30 मेगाहर्ट्झ सांभाळणारा ‘मायक्रोबिटएक्स’. कॉइल गुंडाळण्याचं काम त्यांनी महिलांच्या एका गटाला दिलं. आकृत्या खुल्याच राहिल्या. आतल्या आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डावर चालणारी आज्ञावली जीपीएल या खुल्या परवान्याखाली दिली गेली.

जीपीएलविषयी दोन उलटसुलट गैरसमज फार पसरलेले आहेत. ‘खुलं’ म्हणजे बेवारस, हा पहिला. खुल्या वस्तूवर कुणी पैसे कमावले तर ती चोरीच, हा दुसरा. जीपीएल विक्रीला आडकाठी करत नाही. अट एवढीच की वस्तू दुसऱ्याला देताना मूळ लेखकाची नोंद पुसायची नाही, सुधारलेली आज्ञावलीही त्याच परवान्याखाली द्यायची आणि ती वाचण्याजोग्या रूपात गिऱ्हाइकाला उपलब्ध करायची. ज्याने हे पाळून किट विकलं त्याने फरहान यांचं काहीही हिरावलं नाही. ज्याने नाव खरवडून, आज्ञावली दडवून विकलं त्याने मात्र परवाना मोडला.

आज्ञावलीचं एवढं स्पष्ट आहे. सर्किटचं तसं नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली ‘साहित्यकृती’त मोडते आणि काढलेली आकृती ‘कलाकृती’ ठरू शकते. मासिकातली आकृती जशीच्या तशी छापली किंवा कुणाची माहितीपुस्तिका उचलून आपल्या किटमध्ये घातली, तर ते उल्लंघन आहे. पण त्या आकृतीवरून वस्तू बनवली तर? कलम 52 मध्ये सरळ तरतूद आहे की उपयोगी यंत्राचा निव्वळ कार्यात्मक भाग तांत्रिक आकृतीवरून बनवणं हे उल्लंघन नाही. कोणता रोध कुठे जोडायचा, ही कल्पना कॉपीराइटच्या कक्षेबाहेर राहते. तिला संरक्षण हवं तर पेटंट घ्यावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा खर्च आणि वर्षं कोणता हौशी माणूस घालणार? 1970 च्या आपल्या पेटंट कायद्याचं कलम 47 तर प्रयोग, संशोधन आणि विद्यार्थ्यांना शिकवणं यांसाठी पेटंट घेतलेली वस्तूसुद्धा बनवू देतं. घरी टेबलावर बसून शिकण्यासाठी सर्किट जोडणारा माणूस कायद्याच्या धाकात असायचं कारण नाही, आणि हे मला फार योग्य वाटतं.

कायद्याने सोडलेली ही जागा होमब्रूच्या जगात रिवाजाने भरली आहे. ब्रिटनमध्ये जॉर्ज डॉब्स यांनी 1974 मध्ये कमी शक्तीच्या रेडिओसाठी जी-क्यूआरपी क्लब काढला. त्याच्या ‘स्प्रॅट’ या पत्रिकेत छोटी छोटी सर्किटं छापून येतात, आणि ही कल्पना अमक्याची, मी एवढा फरक केला, असं सांगायची तिथली पद्धत आहे. अमेरिकेत वेस हेवर्ड आणि डग डीमॉ यांचं ‘सॉलिड स्टेट डिझाइन फॉर द रेडिओ अ‍ॅमॅच्युअर’ 1977 मध्ये आलं. हेवर्ड यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला ‘एक्सपेरिमेंटल मेथड्स इन आरएफ डिझाइन’ हा ग्रंथ 2003 मध्ये आला. कुठला अ‍ॅम्प्लिफायर कुठून आला, कुणी मोजून पाहिला, हे त्यात ठिकठिकाणी नोंदलेलं सापडतं. फरहान स्वतः या ग्रंथाचं ऋण उघडपणे मानतात. कुणाचंही सर्किट कोऱ्या कागदावर जन्मलेलं नसतं, हे जाणणाऱ्या माणसांची ही रीत आहे.

मूळ रचनाकार कोण, हा प्रश्न किती अवघड होऊ शकतो याचं एक उदाहरण आजच्या असंख्य किट्समध्ये बसलेलं आहे. डॅन टेलो हे अमेरिकी हॅम मोटोरोलात अभियंता होते. त्यांच्या नावाच्या डिटेक्टरला 2001 मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं, ते मोटोरोलाच्या मालकीचं होतं. रचना नितांत सुंदर आहे. एक इलेक्ट्रॉनिक स्विच येणाऱ्या लहरीच्या प्रत्येक आवर्तनात चार कपॅसिटरना पाळीपाळीने अँटेनाशी जोडतो. प्रत्येक कपॅसिटरवर लहरीच्या त्याच त्या पाव भागाची सरासरी साठत जाते. स्विचची गती आणि लहरीची वारंवारता यांत जो फरक, तोच कपॅसिटरवर ऐकू येण्याजोगा सिग्नल म्हणून उमटतो. काही रुपयांच्या स्विच-चिपमधून उत्तम रिसीव्हर उभा राहतो, शिवाय लहरीचा टप्पा कळण्यासाठी लागणारे दोन वेगळे सिग्नलही आपोआप मिळतात. पण याच जातीची कल्पना नेदरलँड्सचे हॅम डी. एच. व्हॅन ग्रास यांनी 1990 मध्ये ‘क्यूईएक्स’ या मासिकात मांडली होती. पेटंटची मुदत आता संपली आहे. हॅम मंडळी या डिटेक्टरला टेलो यांचंच नाव देतात, आणि ज्यांना इतिहास ठाऊक आहे ते व्हॅन ग्रास यांचंही नाव घेतात. मला हेच बरोबर वाटतं. श्रेय एकालाच द्यायला हवं असा काही नियम नाही.

हान्स समर्स यांनी 2017 मध्ये ‘क्यूसीएक्स’ हे मोर्सचं किट काढलं, त्यात याच डिटेक्टरला जागा मिळाली. किट स्वस्त होतं आणि माहितीपुस्तिका म्हणजे रेडिओचा एक अभ्यासक्रमच. मग एका डच हॅमने त्यावर कमाल केली. आतला मायक्रोकंट्रोलर तोच ठेवला, आर्डुइनो उनोमध्ये असतो तो आठ बिटांचा एटीमेगा328. त्याला आवाजाचं गणित शिकवलं. बोललेल्या आवाजाचा टप्पा मोजायचा आणि त्याप्रमाणे लहर निर्माण करणाऱ्या एसआय5351 या चिपला क्षणोक्षणी ढकलायचं. आवाजाची तीव्रता मोजायची आणि तेवढा विद्युतदाब शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा. क्रिस्टलचा फिल्टर नाही, मिक्सरची माळ नाही, आणि मोर्सचं यंत्र बोलू लागलं. यातून पुढे एका जर्मन हॅमच्या साथीने पाच पट्ट्यांचा ‘ट्रूएसडीएक्स’ घडला. हौसेने बांधणाऱ्यांसाठी रचना उपलब्ध आहे. विक्रीसाठी मात्र त्या दोघांची परवानगी लागते.

तरी बाजारात त्याच्या विनापरवाना नकला आल्याच. व्यापारी नकला रोखण्यासाठी या सेटची आज्ञावली बंद ठेवलेली आहे. ती फुकट उतरवून घेता येते, पण आत काय चाललंय ते वाचता येत नाही. पहिली, मोर्सला बोलतं करणारी आज्ञावली खुली होती. आठ बिटांच्या चिपवर हे गणित कसं बसवलं ते त्यात ओळीओळीने शिकता येत होतं. परवानगीशिवाय बोर्ड छापणाऱ्याने रचनाकारांचं आर्थिक नुकसान केलं असेल-नसेल, पण शिकू पाहणाऱ्या पुढच्या मुलाचं पुस्तक त्याने मिटवलं. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

‘पिक्सी’चं उदाहरण अधिक सौम्य आहे, पण शिकण्यासारखं आहे. स्कॉटलंडचे जॉर्ज बर्ट यांचा ‘फॉक्स’ हा छोटा ट्रान्सीव्हर 1980 च्या दशकात ‘स्प्रॅट’मध्ये आला. पाठवताना जो ट्रान्झिस्टर शक्ती देतो, तोच ऐकताना मिक्सरचं काम करतो, ही त्यातली युक्ती. पुढे हीच युक्ती अनेकांच्या हातून फिरत पिक्सी झाली. आज ऑनलाइन दुकानांत काही शे रुपयांत पिक्सीचं पाकीट मिळतं. अनेकदा त्यात ना कुणाचं नाव असतं, ना कुठली आवृत्ती. सोल्डरिंग शिकायला ते चांगलंच आहे. पण बांधून झाल्यावर सेट बडबडला, भलतीच स्टेशनं ऐकू आली, हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या नकोशा लहरी, फार निघाले, तर विचारायचं कुणाला?

रचनाकाराच्या नावाचं हे तांत्रिक महत्त्व आहे, आणि ते शिष्टाचाराइतकंच मोठं आहे. मायक्रोबिटएक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये काही पट्ट्यांवर हार्मोनिक आणि नको असलेले सिग्नल जास्त निघत होते. हे वापरणाऱ्यांनीच मोजून दाखवलं. कारण रिले आणि पीसीबीच्या मांडणीत होतं. लो-पास फिल्टर अडवत असलेली लहर बाजूने झिरपून पलीकडे पोचत होती. उपाय शोधले गेले, सगळ्यांना सांगितले गेले आणि नंतरच्या आवृत्तीत मांडणी बदलली. ज्याच्या बोर्डवर आवृत्तीचा क्रमांक होता त्याला आपला बोर्ड कुठला आणि दुरुस्ती कुठली हे लगेच कळलं. नाव आणि क्रमांक खरवडलेल्या नकलेत तोच दोष राहतो आणि दुरुस्ती तिथवर पोचत नाही. दुसऱ्याच्या पट्ट्यात घुसणारा असा सेट केवळ मालकाची अडचण नसते; परवान्याच्या अटींनुसार स्वच्छ सिग्नलची जबाबदारी चालवणाऱ्यावर असते.

यंत्रांच्या रचनेसाठी वेगळे परवाने असावेत हा विचार आता पक्का झाला आहे. युरोपच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेने 2011 मध्ये खास हार्डवेअरसाठी परवाना तयार केला आणि 2020 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आणली. हौशी माणसानेही आकृती प्रसिद्ध करताना असा एखादा परवाना खाली लिहावा. मग वापरणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आणि बांधणाऱ्यांना माझं सांगणं आहे. आवडलेलं प्रत्येक सर्किट बेलाशक बांधा, मोडा, बदला. आपल्या कायद्यानेही शिकणाऱ्याला ही मोकळीक दिलेली आहे. पीसीबी काढाल तेव्हा स्वतःच्या कॉलसाइनशेजारी मूळ रचनाकाराचं नाव आणि आवृत्ती कोरा, आणि तुम्ही काय बदललं ते एका ओळीत लिहा. दहा बोर्ड मित्रांना वाटायचे असोत की शंभर विकायचे, आधी रचनाकाराला पत्र पाठवून विचारा. कॉलेजच्या प्रकल्पात बिटएक्स बसवणाऱ्या मुलांच्या शिक्षकांनी अहवालात हे नाव आहे की नाही ते तपासावं. आणि किट विकत घेताना पाकिटावर नाव नसेल, तर विक्रेत्याला ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.