साथरोग व आरोग्यसेवकांवरील मानसिक ताण

मोठ्या साथीत रुग्णांशी प्रत्यक्ष संबंध येणारे डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, आशा सेविका इत्यादींच्या मनावर कामामुळे पडणारा ताण व त्याचे परिणाम. स्वतःला व घरच्यांना संसर्ग होण्याची भीती हे त्याचे उघड कारण होय. ती निराधारही नसते : जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात कोव्हिड-१९ मुळे जगभर ८०,००० ते १,८०,००० आरोग्यसेवक मृत्यू पावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तथापि साथ ओसरल्यावरही ताण टिकून राहतो, याचा उलगडा केवळ भीतीने होत नाही.

२००३ मधील सार्स साथीनंतर एक ते दोन वर्षांनी कॅनडात एक तुलनात्मक पाहणी झाली. सार्सचे रुग्ण हाताळलेल्या टोरांटोतील रुग्णालयांत ३०.४ टक्के कर्मचाऱ्यांना कामातून येणाऱ्या तीव्र भावनिक थकव्याने ग्रासले होते; जवळच्या हॅमिल्टन शहरातील, असे रुग्ण न आलेल्या रुग्णालयांत हे प्रमाण १९.२ टक्के होते. टोरांटोतील अधिक कर्मचाऱ्यांनी रुग्णांशी येणारा संबंध व कामाचे तास कमी करून घेतल्याचेही आढळले.

या चिवट ताणाच्या मुळाशी पुष्कळदा ‘नैतिक आघात’ असतो. व्हिएटनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकन मनोविकारतज्ञ जॉनाथन शे यांनी ही संकल्पना मांडली. जे करणे योग्य ते ठाऊक असूनही करता न येणे, हे तिचे रुग्णालयीन रूप होय. एप्रिल–मे २०२१ मध्ये भारतात ऑक्सिजन व खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा कोणाला दाखल करावे आणि कोणाला परत पाठवावे, हे कामावरच्या डॉक्टरांना दारातच ठरवावे लागले. नातेवाइकांना कक्षात प्रवेश नव्हता. मरणासन्न रुग्णाच्या कानाशी फोन धरण्याचे काम परिचारिकांकडे आले. संरक्षक पोशाखात तासन्‌तास पाणी पिता येत नसे आणि रुग्णाला आपला चेहराही दाखविता येत नसे. शुश्रूषेचे निम्मे बळ चेहऱ्यात असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

त्यात समाजाच्या वागणुकीची भर पडली. २०२० मध्ये भारतात काही घरमालकांनी डॉक्टर व परिचारिकांना खोल्या सोडण्यास सांगितले. काही ठिकाणी आरोग्यपथकांवर हल्ले झाले. मुंबईतील प्लेगच्या पार्श्वभूमीवर १८९७ मध्ये केलेल्या साथरोग अधिनियमात त्यामुळे २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने दुरुस्ती झाली व अशा हल्ल्यांस तीन महिने ते पाच वर्षे कारावासाची शिक्षा ठरली. ही तरतूद होण्यास १२३ वर्षे लागली.

उपचारांची स्थिती समाधानकारक नाही. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत मन मोकळे करावयास लावण्याची पद्धत उपयुक्त ठरलेली नाही. व्यवसायपरवान्यास बाध येईल या भीतीने अनेक डॉक्टर साहाय्य मागत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये आत्महत्या केलेल्या न्यूयॉर्कच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांच्या नावाने अमेरिकेत २०२२ मध्ये या प्रश्नासाठी कायदा करण्यात आला. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कार्यजन्य थकवा हा रोग न मानता व्यवसायाशी निगडित घटना मानला आहे. म्हणजे पाळ्यांची आखणी, सक्तीची विश्रांती, पुरेसे मनुष्यबळ व वेळेवर वेतन हे उपायांतच मोडतात. महाराष्ट्रात घरोघर जाऊन ताप व ऑक्सिजनची पातळी मोजणाऱ्या आशा सेविकांनी जून २०२१ मध्ये मानधनवाढीसाठी संप केला, तो याच संदर्भात पाहावा लागतो.