दुकान वाढवले

दिवसाचा व्यवहार आटोपला, गल्ल्यातील रोकड मोजून रोजकीर्दीशी ताडून पाहिली आणि तागडी उतरवून ठेवली, म्हणजे मराठी दुकानदार दुकान 'बंद' करीत नसे; तो ते 'वाढवीत' असे. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. सुवासिनीच्या हातातील बांगडी फुटत नाही, वाढते. आणि ज्या गोष्टीचा शेवट जिभेवर येऊ नये असे मनापासून वाटते तिच्यासाठी वृद्धीचेच क्रियापद योजावे, या आपल्या भाषेच्या जुन्या सद्भावनेत पूर्वजांनी दुकानालाही जागा दिली होती. उद्या सकाळी फळ्या पुन्हा काढल्या जातील, हा त्या शब्दातील भरवसा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांच्या जुन्या वस्त्यांतून असा एक दिवस वारंवार येऊ लागला आहे, की ज्याच्या आदल्या रात्री वाढवलेले दुकान सकाळी उघडतच नाही. शटरवर एखादा कागद चिकटवलेला असतो, किंवा तोही नसतो. दुधाची पिशवी न्यायला आलेला मुलगा काही वेळ उभा राहून परत जातो. आणि या प्रसंगाला कोणता शब्द योजावा हे आपल्या भाषेला अद्याप उमगलेले नाही.

काही दुकानांच्या वाट्याला निदान मृत्युलेख तरी येतो. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील 'ऱ्हिदम हाऊस' हे संगीताचे दुकान २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झाले, टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली एका चित्रपटगृहाच्या आवारात सुरू केलेले आणि पुढे फोर्टात नावारूपाला आलेले 'स्ट्रँड बुक स्टॉल' २०१८ च्या फेब्रुवारीत संपले. त्या त्या वेळी वृत्तपत्रांनी रकाने भरून लिहिले, जुन्या ग्राहकांनी जाऊन शेवटची खरेदी केली, आणि ते सर्वस्वी यथायोग्यच होते. परंतु ज्याच्या पाटीवर 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' एवढीच अक्षरे असतात, ज्याचे नाव गल्लीतल्या मुलांनाही ठाऊक नसते, कारण ते त्याला 'कोपऱ्यावरचा वाणी' याच नावाने ओळखतात, त्याचे जाणे कोठेही नोंदले जात नाही. मला लिहावयाचे आहे ते त्याच्याविषयी, आणि त्याच्यापेक्षाही अधिक त्याच्या दुकानातील नोकराविषयी.

या दुकानांच्या अस्ताचे कारण विचारले, की बहुतेक लोक मोठ्या भांडारांकडे बोट दाखवतात, आणि ते खोटे नाही. 'डी-मार्ट'चे पहिले भांडार २००२ साली मुंबईत पवईला उघडले, त्यानंतर महिन्याचे सामान एकदम व स्वस्तात आणण्याची सवय मध्यमवर्गाला जडली. आणि आता दहा-पंधरा मिनिटांत दारी सामान पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी उरलीसुरली, म्हणजे अडीअडचणीची गिऱ्हाइकीही उचलली आहे. परंतु मुंबईपुरते बोलायचे तर या अस्ताचे मूळ मालाच्या भावाइतकेच जागेच्या भाड्यात आहे, आणि त्याचा उलगडा फारसा कोणी करीत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून टाकली. त्यामुळे घरमालकाला एकरकमी पगडी मोजून घेतलेला गाळा नाममात्र भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालवावा, अशी व्यवस्था रूढ झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात या गोठवलेल्या भाड्यांचे समर्थन आता करता येत नाही असे म्हटले, आणि ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली व पगडीच्या देवघेवीलाही कायद्याचा आधार दिला. तरीही जुन्या कुळाचे भाडे बाजारभावाच्या जवळपासदेखील आले नाही. जिरे, साखर आणि तुरीची डाळ विकून मिळणारा नफा इतका तुटपुंजा असतो, की हे जुने भाडे हाच त्या धंद्याचा न दिसणारा खांब होता.

इमारत मोडकळीला येऊन पुनर्विकासाचा करार झाला, की हा खांब निघतो. बांधकाम पुरे होईपर्यंत दुकान कोठेतरी आडजागी हलवावे लागते, आणि तेवढ्या अवधीत गिऱ्हाइकाच्या पायांना दुसरी वाट ठाऊक होते. नवा गाळा ताब्यात येतो तेव्हा तो स्वतः न चालवता एखाद्या बँकेला किंवा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने दिला तर वर्षभर गल्ल्यावर बसून मिळेल त्याहून अधिक रक्कम घरबसल्या हाती पडते. मुलगा बहुधा अभियंता झालेला असतो आणि वडिलांनी पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत उभ्याने काढलेली चाळीस वर्षे त्याने पाहिलेली असतात. अशा स्थितीत जो मालक दुकान मिटवतो त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

ग्राहकाचे काय जाते? सामान तर सर्वत्र मिळते, किंबहुना पूर्वीपेक्षा स्वस्त व स्वच्छ मिळते. परंतु भांडारातील पाकिटाचे वजन कारखान्याने ठरवलेले असते, गिऱ्हाइकाच्या खिशाने नव्हे. दशमान वजने १९५८ पासून येऊ लागली, तरी 'पावशेर' हा शब्द वाण्याच्या दुकानातून गेला नाही, त्याचे कारण केवळ सवय हे नव्हते. रोजंदारीवरच्या बाईला रोजच्यापुरतेच विकत घेता येते, दहा रुपयांचे तेल आणि पाच रुपयांची मोहरी मागण्यात तिला संकोच वाटू नये अशी जागा तिला हवी असते, आणि ती जागा हे दुकान होते. आमच्या आळीतील एक वृद्ध बाई महिन्याची यादी दुकानातील मांडणीच्या क्रमाने लिहीत असत. आधी तांदूळ व डाळी, मग वरच्या फळीवरचा गूळ, मग डब्यांतले मसाले, शेवटी गल्ल्याजवळची काडेपेटी. ते दुकान मिटल्यानंतर त्यांच्या नातवाने त्यांना मोठ्या भांडारात नेले, तेव्हा हातात यादी असूनही त्यांना काही सापडेना. त्यांना वाटले, आपली स्मृती गेली. वस्तुतः गेली होती ती मांडणी.

याहून मोठी हानी आहे ती पत जाण्याची. बँकेच्या ग्राहकाने शाखा बदलली तर त्याचे खाते त्याच्यामागून जाते. वाण्याच्या वहीतील खात्याला पाय नसतात. तीस वर्षे महिन्याच्या महिन्याला बाकी फेडणाऱ्या कुटुंबाची सचोटी त्या एका लाल कापडी बांधणीच्या खतावणीत नोंदलेली असते, आणि दुकान संपले की ती सचोटी इतर कोणालाही ठाऊक नसते. या पतीचे मोल किती असू शकते हे गिरणगावाने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि औपचारिकपणे कधी मागेच न घेतल्या गेलेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा पगार थांबला, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतील चुली पहिले कित्येक दिवस पेटत्या राहिल्या त्यांत गावाकडून आलेल्या धान्याइतकाच वाटा उधारीवर सामान देणाऱ्या दुकानदारांचा होता. पगार कधी होईल हे न विचारता वहीत नावे मांडणारा हा माणूस कोणत्याही योजनेचा भाग नव्हता. गिऱ्हाइकाच्या बापाला तो ओळखत होता, एवढाच त्याचा आधार.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. उधारीवाल्या गिऱ्हाइकाला भाव विचारण्याची सोय नसे. तागडी कोठे किंचित झुकते हे त्याला दिसत असूनही बोलता येत नसे. आणि ज्याची बाकी थकली त्याच्या बायकोला चारचौघांत ऐकून घ्यावे लागे. याच अडचणीतून सुटण्यासाठी गिरणी कामगारांनी १९४८ साली नायगावात 'अपना बाजार' ही सहकारी संस्था उभी केली, आणि पुढे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने घाऊक खरेदी करून घरोघरच्या गटांत वाटपाचा मार्ग काढला. छापील किमतीचे पाकीट हे गरिबाच्या दृष्टीने एक प्रकारचे अभयपत्रही आहे. हे सर्व मान्य करूनही माझे म्हणणे एवढेच, की छापील किंमत अपमान टाळते, परंतु संकटाच्या महिन्यात ती थांबत नाही.

आता नोकराकडे वळतो. मालकाला गाळा असतो, ग्राहकाला दुसरे दुकान असते; नोकराला यांतील काहीच नसते. मुंबईच्या किराणा दुकानांतून काम करणारी माणसे बहुधा कोकणातून, कच्छातून, राजस्थानातून, अलीकडे उत्तरेतून पोरवयात आलेली. अनेकांचे अंथरूण दुकानाच्याच पोटमाळ्यावर, तेलाच्या डब्यांशेजारी पसरलेले असे, जेवण शेठच्या घरचे किंवा खाणावळीचे. सबब दुकान मिटते त्या दिवशी अशा माणसाची नोकरी, निवारा आणि अन्न ही तिन्ही एकाच कुलपात जातात. त्याच्या अंगी असलेली विद्या थोडी नसते. डोक्यावर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून कागदाची पुडी अशी बांधावी, की रस्त्यात दाणा सांडू नये. मूठ भरून घेतलेली डाळ तागडीत टाकण्यापूर्वीच तिचे वजन हाताने ओळखावे. जुन्यांपैकी ज्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती त्यांनी सव्वादोन किलोचा हिशेब कागदावाचून सांगावा. शंभर-दीडशे घरांतील कोणाला आंबेमोहर लागतो, कोणाच्या घरी मधुमेह आहे म्हणून साखर कमी झाली आहे, कोणत्या आजींना सामान वर नेऊन द्यावयाचे आहे, हे सर्व ध्यानात ठेवावे. वर्षानुवर्षे गल्ला हाताळून एका रुपयाचाही अपहार करू नये. या विद्येचे प्रमाणपत्र कोणत्याही दप्तरात नाही. ग्राहकाची पत वहीत तरी होती. नोकराची पत केवळ मालकाच्या मनात होती.

कायद्याने त्याच्याकडे मुळीच पाहिले नाही असे नव्हे. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाला लोक आजही 'गुमास्ता कायदा' म्हणतात, आणि दुकानात चौकटीत लावलेल्या दाखल्याला 'गुमास्ता'. गुमास्ता म्हणजे दुकानातील कारकून, मालकाच्या वतीने व्यवहार पाहणारा माणूस. त्याच्या कामाचे तास, त्याची आठवड्याची सुट्टी, त्याची पगारी रजा यांसाठी तो कायदा झाला आणि म्हणून त्याचेच नाव त्याला पडले. पुढे तो दाखला बँकेत खाते उघडण्यासाठी, विजेच्या जोडणीसाठी, परवान्यांसाठी मालकाच्या उपयोगी पडत राहिला आणि शब्दातला माणूस हळूहळू विस्मृतीत गेला. त्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा त्याच वर्षी १९ डिसेंबरपासून लागू झाला. त्यात दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची आवश्यकता उरली नाही, केवळ सूचना दिली की पुरे. दोन किंवा तीन नोकरांचे दुकान अर्थातच या रेषेच्या अलीकडे राहिले. १९७२ च्या कायद्यातील उपदान, ज्याला आपण सर्व ग्रॅच्युइटी म्हणतो, त्यालाही दहा माणसांची अट. १९५२ च्या कायद्यातील भविष्यनिर्वाह निधीला विसांची. म्हणजे ज्याने एकाच दुकानात तीस वर्षे काढली, त्याच्याबरोबर आणखी सात-आठ जण उभे नव्हते एवढ्याच कारणाने तो रिकाम्या हाताने बाहेर पडतो. याला अन्याय हाच शब्द आहे.

आणि तरीही एक आधार होता. धंदा बंद पडला तर कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी, हे तत्त्व औद्योगिक विवाद कायद्यात १९५७ सालीच घालण्यात आले, आणि त्या भरपाईसाठी माणसांच्या किमान संख्येची अट नव्हती. परंतु हक्क मागायचा तर सेवेचा पुरावा हवा, आणि किराणा दुकानातील नोकराजवळ नियुक्तिपत्र नसते, हजेरीपट नसतो, पगाराची पावती नसते. पगार गल्ल्यातून हातात पडतो, उचल तोंडी ठरते, दिवाळीची बक्षिसी पाकिटात मिळते. पुष्कळ मालक सद्भावनेने काही रक्कम देतात, गावी जाण्याचे तिकीट काढून देतात, एखाद्या ओळखीच्या दुकानदाराकडे शब्द टाकतात. काही देत नाहीत. आणि देणे-न देणे हे सर्वस्वी मालकाच्या स्वभावावर अवलंबून राहते. पंचावन्न वर्षांच्या वयात मोठ्या भांडाराच्या दारात अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला जेव्हा 'पूर्वीचा अनुभव' असा रकाना भरावयास सांगतात, तेव्हा त्याने काय लिहावे?

म्हणून जे दुकानदार आज किंवा उद्या आपले दुकान मिटवण्याच्या विचारात आहेत त्यांना माझी विनंती आहे. गाळ्याच्या चाव्या हाती देण्यापूर्वी आणि पाटी उतरवण्यापूर्वी, दुकानाच्या नावाचा एक कोरा कागद घ्या. आपल्याकडील प्रत्येक माणूस कोणत्या साली आला, कोणते काम करीत होता, अखेरचा पगार किती होता आणि त्याच्या हाती गल्ला किती वर्षे होता, हे त्यावर लिहा. खाली सही करा, दुकानाचा शिक्का उमटवा आणि तो कागद, त्याच्या हक्काच्या रकमेसह, त्याच्या हाती द्या. आणि ज्यांनी त्या दुकानातून वर्षानुवर्षे सामान आणले त्या आपण सर्वांनी, शेवटची बाकी चुकती करायला जाऊ तेव्हा, शेठला एकदा विचारावे: कागद लिहून दिला का?