एका ट्रकचा ताळेबंद

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रताचे वर्णन येते. गोधन, शेती आणि नौका यांच्याबरोबर त्याने आपल्या गाड्यांचीही मर्यादा ठरवून घेतली होती: दूरदेशीच्या प्रवासासाठी पाचशे आणि मालवाहतुकीसाठी पाचशे. त्याच परंपरेने श्रावकाला सावध करण्यासाठी जी पंधरा कर्मादाने सांगितली, त्यांत भाड्याने गाड्या चालविण्याचा व्यवसाय, म्हणजे भाटीकर्म, समाविष्ट आहे. जुवाखाली राबणाऱ्या मुक्या जनावरांचे हाल हा त्यामागचा विचार. आज बैलांची जागा इंजिनाने घेतली आहे. भार वाहणारा जीव मात्र नाहीसा झालेला नाही. तो आता स्टिअरिंगमागे बसतो.

व्यापारी कुटुंबांचा या जीवाशी रोजचा संबंध येतो. सांगलीची हळद, लातूरची डाळ, इचलकरंजीचे कापड गोदामातून निघते आणि परगावी पोहोचते, ते बहुधा ज्याच्याकडे एक-दोनच ट्रक आहेत अशा छोट्या मालकाच्या गाडीतून. त्यांतील पुष्कळजण मालकही असतात आणि चालकही. वर्षानुवर्षे दुसऱ्याची गाडी चालविल्यानंतर कर्ज काढून स्वतःची गाडी घेतलेला हा माणूस काही वेळा दहा वर्षांत घर बांधतो, तर काही वेळा दोन वर्षांत गाडी गमावून पुन्हा दुसऱ्याच्या नोकरीत जातो. कष्ट दोघांचेही सारखेच असतात. फरक पडतो तो हिशेबात.

किलोमीटरचे गणित

उदाहरणादाखल एक दहा चाकी ट्रक घेऊ. तो महिन्याला 8,000 किलोमीटर धावतो आणि लिटरमागे 4 किलोमीटर देतो. 90 रुपये दराने डिझेलचा खर्च 1,80,000 रुपये होतो. टोल 35,000, कर्जाचा हप्ता 65,000, टायरची झीज 20,000, विमा, कर व परमिट यांचा मासिक वाटा 12,000, क्लीनरचा पगार व वाटेतील जेवणखाण 25,000, दुरुस्ती व सर्व्हिसिंग 13,000. एकूण 3,50,000 रुपये, म्हणजे किलोमीटरला पावणेचव्वेचाळीस रुपये.

भाडे किलोमीटरला 52 रुपये मिळाले आणि गाडी जाता-येता भरलेली राहिली, तर उत्पन्न 4,16,000 रुपये आणि शिल्लक 66,000. पण त्यांतील 2,000 किलोमीटर रिकामे धावावे लागले, तर उत्पन्न 3,12,000 वर येते आणि 38,000 रुपयांची तूट दिसू लागते. रिकामी गाडी डिझेल थोडे कमी पिते. ते दहा-बारा हजार वजा केले तरी तोटा उरतोच. आकडे गाडीगणिक बदलतील, तत्त्व बदलणार नाही. या धंद्यातील नफा जातानाच्या भाड्यात नसून परतीच्या भाड्यात असतो. ज्याने परतीचा माल ठरविल्याशिवाय लांबचे भाडे घेतले, त्याने नफा दलालाच्या मर्जीवर सोडला.

या मांडणीत आणखी एक गोष्ट सुटलेली आहे, आणि प्रत्यक्षातही ती नेहमी सुटते: चालकाचा स्वतःचा पगार. हीच गाडी दुसरा कोणी चालवीत असता, तर त्याला महिन्याला 30,000 रुपये द्यावे लागले असते. ते वजा केले की 66,000 पैकी धंद्याचा नफा 36,000 उरतो. बाकीची त्याची मजुरी आहे. मजुरी आणि नफा एकाच खिशात पडतात, म्हणून भरभराट झाल्याचा भास होतो.

हिशेब न ठेवण्याची सवलत

आयकर कायद्याने दहा किंवा त्याहून कमी मालवाहू वाहने असणाऱ्यांना अनुमानित उत्पन्नाची सोय दिली आहे. अवजड वाहनासाठी एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागे दरमहा 1,000 रुपये उत्पन्न धरले जाते. 28.5 टनांच्या गाडीस ते महिन्याला 28,500 रुपये होते. हे उत्पन्न स्वीकारले की वह्या ठेवण्याची सक्ती उरत नाही. तरतूद उपकारक आहे. परंतु सरकारने हिशेब मागितला नाही म्हणून स्वतःलाही हिशेब द्यायचा नाही, असा तिचा अर्थ अनेकांनी करून घेतला आहे. मग टायर बदलण्याची वेळ आली की सावकार शोधावा लागतो. दहा टायर एकदम झिजत नाहीत असे वाटते, पण एकाच वेळी बसविलेले टायर साधारण एकाच काळात साथ सोडतात. वरच्या उदाहरणात किलोमीटरला अडीच रुपये बाजूला काढून वेगळ्या खात्यात ठेवले, तर तो दिवस संकटाचा राहत नाही.

राखीव रकमेचे महत्त्व 2020 मध्ये सर्वांना कळले. मार्च ते ऑगस्ट या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. व्याज मात्र चालू राहिले. तीन महिन्यांच्या हप्त्यांइतकी शिल्लक असणाऱ्याला या मुभेची फारशी गरज पडली नाही. ज्याने गाडीच्या स्वतःच्या हिश्श्याची रक्कमसुद्धा खासगी व्याजाने उचलली होती, त्याला ही मुभा पुरली नाही.

तेजीत घेतलेली गाडी

अमेरिकेत अशा चालकाला ओनर-ऑपरेटर म्हणतात. महासाथीच्या काळात, विशेषतः 2021 मध्ये, तेथे मालवाहतुकीचे दर भडकले. ते पाहून असंख्य चालकांनी नोकरी सोडली आणि वाढलेल्या किमतीला जुने ट्रक विकत घेतले. 2022 पासून दर खाली आले, डिझेल महागले आणि हप्ते मात्र जुन्याच किमतीचे राहिले. अनेकांना गाड्या परत कराव्या लागल्या. तेजीत घेतलेला माल मंदीत विकावा लागणे, हे व्यापाऱ्याला नवीन नाही. ट्रकही मालच आहे, आणि भाडे हाही एक बाजारभाव आहे.

यशाचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. विजय संकेश्वर यांनी 1976 मध्ये गदग येथे एका ट्रकने सुरुवात केली. पुढे हुबळीला केंद्र करून त्यांनी व्हीआरएल ही कंपनी उभी केली. 2015 मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. एकेका व्यापाऱ्याचा लहान लहान माल एकाच गाडीत नेणारी पार्सल सेवा आणि त्यासाठी स्वतःच्या शाखा, हा या विस्ताराचा कणा. माल मिळविण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागू नये, हा त्यातील धडा एका ट्रकच्या मालकालाही लागू आहे. दोन-तीन कायमचे व्यापारी जोडून ठेवणे, हीच त्याची शाखा.

दुसरी गाडी घेण्याचा मोह मात्र येथेच आवरावा लागतो. पहिली गाडी चालते, कारण मालक ती स्वतः चालवितो. डिझेल वाचवितो, आवाजावरून बिघाड ओळखतो. दुसऱ्या गाडीवर पगारी चालक येतो आणि धंद्याचे स्वरूपच बदलते. पहिल्या गाडीचे कर्ज फिटण्यापूर्वी दुसरी घेणारा दोन्हीही गमावून बसण्याची शक्यता अधिक. परिमाण ठरविणे हे केवळ व्रत नाही, व्यवहारही आहे.

अतिभार आणि थकबाकी

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन येतात. तत्त्वार्थसूत्र दिगंबर-श्वेतांबर दोघांनाही मान्य असल्याने त्यावर मतभेद नाही. 2018 मध्ये तीन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा 25 टनांवरून 28.5 टन झाली. 2019 च्या दुरुस्तीनुसार मर्यादा ओलांडल्यास 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास 2,000 रुपये दंड आहे. तरीही "दोन टन जास्त घाला, पैसे देतो" असे सांगणारा बहुतेक वेळा माल पाठविणाराच असतो. ब्रेक न लागल्यास घाटात जे घडते, त्याचा अतिचार चालकाच्या एकट्याच्या नावे लिहिता येणार नाही.

अन्नपाननिरोध म्हणजे आश्रिताचा घास अडविणे. भाड्याचा काही भाग आगाऊ आणि उरलेला पोच दाखविल्यावर, अशी रीत आहे. पोच मिळाल्यावरही ती रक्कम दोन-दोन महिने अडकते. चालक तोवर उधारीचे डिझेल भरतो आणि हप्त्याचा दंड सोसतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु वाहतूकदारास 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. 2023 च्या वित्त अधिनियमाने त्यास जोड दिली: मुदतीत न दिलेला असा खर्च, ज्या वर्षी प्रत्यक्ष दिला जाईल त्याच वर्षी वजावटीस पात्र ठरतो. म्हणजे थकविलेले भाडे व्यापाऱ्याच्या करातही दिसू लागले आहे.

एक ट्रक घेऊ पाहणाऱ्या तरुणाने किलोमीटरचा खर्च, परतीचा माल, टायरचे खाते आणि स्वतःचा पगार या चार गोष्टी वहीत लिहून मगच कर्जाच्या अर्जावर सही करावी. ज्यांच्या गोदामासमोर हे ट्रक उभे राहतात त्यांच्यासाठी पाचवी गोष्ट उरते. येत्या दिवाळीत वहीपूजनापूर्वी वाहतूकदारांचे खाते उघडून पाहावे. त्यात कोणाचे भाडे बाकी असेल, तर नवी वही सुरू होण्याआधी ते चुकते करावे.