व्हावे, असता आणि नये : इंग्रजी अर्जातील क्रियापदाचे योग्य रूप

तापीकाठी वसलेले बुऱ्हाणपूर हे फार पूर्वीपासून अनेक भाषांचे शहर आहे. येथील जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. निमाडचा हा प्रदेश पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाड या हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांतात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भातील जिल्हे मुंबई राज्यात समाविष्ट झाले व बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. १५ ऑगस्ट २००३ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असल्यामुळे येथील अनेक कुटुंबांत घरची भाषा मराठी, कचेरीची भाषा हिंदी आणि उच्च न्यायालय व उच्च शिक्षण यांची भाषा बहुतांशी इंग्रजी, अशी स्थिती आहे.

राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार कोणाही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. तथापि, प्रकरण वरच्या पायरीवर गेले की त्याचा इंग्रजी तर्जुमा करण्याची वेळ येते. त्या तर्जुम्यात शब्द बरोबर असूनही क्रियापदाचे रूप चुकले, तर मागणीचे रूपांतर वर्णनात होते आणि अर्जदाराचे म्हणणेच बदलते. ही चूक कशी टाळावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

क्रियापदाचे चार अर्थ

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ शिकविले जातात. 'पंचनामा होतो' हा स्वार्थ. त्यात केवळ घटना सांगितली आहे. 'पंचनामा व्हावा' हा विध्यर्थ. त्यात इच्छा किंवा कर्तव्य आहे. 'पंचनामा होता, तर भरपाई मिळती' हा संकेतार्थ. त्यात न घडलेल्या गोष्टीची कल्पना आहे. हिंदीतही 'किया जाता है' आणि 'किया जाए' हा भेद स्पष्ट आहे.

इंग्रजीत हाच भेद आहे, परंतु तो डोळ्यांत भरत नाही. मराठीत 'आवा' हा प्रत्यय कानाला लगेच जाणवतो. इंग्रजीत मात्र विध्यर्थाची खूण म्हणजे क्रियापदाला काहीही न जोडता त्याचे मूळ रूप तसेच ठेवणे. ही खूण सहज नजरेआड होते व विद्यार्थी सवयीने 'एस' जोडून मोकळा होतो.

'दॅट' नंतर मूळ रूप

मागणी, शिफारस, आग्रह, सूचना किंवा ठराव दर्शविणाऱ्या क्रियापदानंतर 'दॅट' आले, की औपचारिक इंग्रजीत पुढील क्रियापद मूळ रूपात येते. 'समितीची शिफारस आहे की, विहीर खोल करण्यात यावी' याचे इंग्रजी 'द कमिटी रेकमेंड्स दॅट द वेल बी डीपन्ड' असे होईल. येथे 'बी' च्या जागी 'इज' घालू नये. शिफारस गेल्या वर्षी झाली असली, तरी 'रेकमेंडेड' नंतर 'बी' हेच रूप कायम राहते. नकार असल्यास 'नॉट' मूळ रूपाच्या आधी येतो : 'दॅट द फी नॉट बी चार्ज्ड'. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'शुड बी' असेही लिहितात. तेही शुद्धच आहे.

या नियमाचे महत्त्व एका क्रियापदावरून ध्यानात येईल. 'द सरपंच इन्सिस्टेड दॅट द क्लर्क कीप द रजिस्टर' याचा अर्थ, 'लेखनिकाने नोंदवही ठेवावी असा सरपंचांनी आग्रह धरला.' 'कीप' ऐवजी 'केप्ट' लिहिले, तर अर्थ होतो, 'लेखनिक नोंदवही ठेवीत होता, असे सरपंचांनी ठासून सांगितले.' पहिले वाक्य तक्रार आहे. दुसरे लेखनिकाच्या बाजूची साक्ष आहे. चौकशीच्या कागदात हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

'इफ' आणि 'वेअर'

'वेअर' हे रूप अधिक प्रतिष्ठित वाटून ते 'इफ' नंतर सरसकट वापरण्याकडे काहींचा कल असतो. तो टाळावा. 'इफ आय अॅम एलिजिबल' म्हणजे 'मी पात्र असेन तर'. पात्रतेचा निर्णय येथे खुला आहे. 'इफ आय वेअर एलिजिबल' म्हणजे 'मी पात्र असतो तर'. म्हणजेच आज मी पात्र नाही. केळीच्या नुकसानभरपाईसाठी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याने दुसरे वाक्य लिहिले, तर आपण अपात्र असल्याचे त्याने स्वतःच सुचविल्यासारखे होईल. मराठीत 'असेन' आणि 'असतो' यांत गफलत न करणारा मनुष्य इंग्रजीत मात्र ती करून बसतो. म्हणून वाक्य आधी मराठीत म्हणून पाहावे. 'असतो, असता, असती' आले तरच 'वेअर' योजावे.

'लेस्ट' आणि 'अनलेस'

या दोन उभयान्वयी अव्ययांच्या बाबतीत मराठी व हिंदीची सवयच आड येते. 'गुरे बाहेर जाऊ नयेत म्हणून फाटक लावावे' या वाक्यात 'नयेत' आहे. हिंदीतील 'कहीं ऐसा न हो कि' यातही 'न' आहे. त्यामुळे 'लेस्ट' नंतर 'नॉट' लिहिण्याचा मोह होतो. परंतु 'लेस्ट' या शब्दाच्या पोटातच नकार आहे. 'लेस्ट द कॅटल शुड स्ट्रे' किंवा नुसते 'लेस्ट द कॅटल स्ट्रे' एवढेच पुरे. 'नॉट' जोडल्यास गुरे बाहेर जावीत यासाठी फाटक लावले, असा उलटा अर्थ निघतो.

'अनलेस' चेही तसेच आहे. 'शुल्क भरले जाणार नाही तोपर्यंत' यातील 'नाही' त्या शब्दात सामावलेला आहे आणि 'जाणार' हा भविष्यकाळही इंग्रजीत उतरवू नये. 'अनलेस द फी इज पेड' हे योग्य. त्यात 'नॉट' किंवा 'विल' घालणे चूक आहे. जुन्या कायदेशीर लिखाणात 'अनलेस' व 'प्रोव्हायडेड दॅट' यांच्यानंतर 'बी' आढळते. आजच्या पत्रव्यवहारात 'इज' सर्वमान्य आहे.

उद्देश सांगताना

मराठीतील प्रत्येक 'आवे' साठी इंग्रजीत मूळ रूप येते असे मात्र नाही. 'पाणी मिळावे म्हणून', 'जेणेकरून काम वेळेत व्हावे' अशा उद्देशवाचक वाक्यांत 'सो दॅट' किंवा 'इन ऑर्डर दॅट' येते आणि त्यापुढे 'मे' योजतात. मुख्य वाक्य भूतकाळी असल्यास 'माइट'. 'सो दॅट' नंतर 'कॅन' ही चालते. मागणीचा 'आवे' आणि उद्देशाचा 'आवे' हे शिक्षकांनी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखविल्यास विद्यार्थ्यांचा घोटाळा होणार नाही.

शिक्षकांस व लेखनिकांस सूचना

इंग्रजी रूपांची कोष्टके पाठ करविण्यापूर्वी मुलांना माहीत असलेल्या मराठी रूपांपासून आरंभ करावा. 'होतो, व्हावा, होता तर' ही तीन रूपे ज्याला बोलता येतात, त्याला तीन अर्थांचे ज्ञान आधीच आहे. केवळ इंग्रजीतील खुणा त्याला दाखवावयाच्या असतात. ग्रामसभेचा एखादा खरा ठराव घेऊन त्यातील प्रत्येक क्रियापद घटना सांगते, मागणी करते की कल्पना मांडते, हे मुलांकडून ओळखवून घ्यावे व मगच त्याचे भाषांतर करवावे.

अर्ज किंवा ठराव यांचा तर्जुमा करणाऱ्यांनीही स्वाक्षरीपूर्वी इंग्रजी मजकूर पुन्हा मराठीत वाचून पाहावा. मूळ कागदात 'व्हावे' असेल आणि तर्जुम्यातून 'होते' असे निघत असेल, तर तो कागद तसाच पुढे पाठवू नये. गाऱ्हाणे मांडणारा मनुष्य बहुधा इंग्रजी जाणत नाही. त्याच्या वतीने लिहिणाऱ्याच्या हातून त्याची मागणी मागणीच्याच रूपात वर पोहोचावी, एवढी खबरदारी घेणे हे त्या लिहिणाऱ्याचे कर्तव्य होय.