मण्यार जागी होते तेव्हा

दिवसा मण्यार अगदी गरीब वाटते. काचेच्या पेटीत फुटक्या कौलाखाली वेटोळं करून बसते, डोकं त्या वेटोळ्यात खुपसते आणि वर उजेड पडला की आणखी आत ओढून घेते. तिला पाहायला आलेली मुलं हमखास निराश होतात. एकदा गवत कापायला निघालेली एक आजी वाकून बघत म्हणाली, ‘‘मास्तर, ही तं हालतच नाय.’’ खरंच हलत नाही. पण रात्री जेवणं उरकून पाडा निजला की तीच मण्यार बाहेर येते. काचेच्या कडेकडेने फिरते, प्रत्येक कोपऱ्यात थांबून जीभ लपलप करते, झाकणाची फट पुन्हा पुन्हा तपासते. पहाटे कोंबडा आरवायच्या सुमारास परत कौलाखाली.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त झालो आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत साप निघाला की लोक सर्पमित्रांना बोलावतात, मीही त्यांच्याबरोबर जातो. बहुतेक साप त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, वनखात्याला कळवून सोडले जातात. विळ्याने कापलेले, जेसीबीखाली चेपलेले, मासेमारीच्या जाळ्यात गुरफटून सालटी निघालेले मात्र उपचारापुरते ठेवावे लागतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्याप्रमाणे नाग-घोणस घरी बाळगणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. अशा जखमी सापांजवळ बसून मी वहीत दोनच गोष्टी लिहितो : किती वाजले आणि साप पेटीत कुठे आहे. सापाचं वेळापत्रक आणि सापाची जागा या दोन गोष्टी माणसाला नीट कळल्या, तर आमच्या भागातले कितीतरी दंश टळतील असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच हे लिहितो आहे.

आधी पेटीबद्दल. सापाच्या शरीरात स्वतःची ऊब तयार होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं थंड ठेवायचं, आणि दोन्हीकडे लपायला जागा द्यायची. एकीकडेच दिली तर सापाला ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडावं लागतं, आणि घाबरलेला साप बहुधा आडोसा निवडतो. मग खाल्लेलं पचत नाही, कधी ओकूनही टाकतो. लपायची जागा ऐसपैस नको. अंगाला वरून आणि दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलं की साप शांत होतो. उंदराच्या बिळात, बांधाच्या दगडांत, पेंढ्याच्या थरांत त्याला हेच मिळतं. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, दिसेनासं होतं. त्या दिवसांत तो खात नाही, पाण्याच्या भांड्याजवळ पडून राहतो. अशा वेळी पेटीला हात लावायचा नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याची टकटक थांबावी म्हणून काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवायचं. हा उपाय साधा आहे, पण औषधाइतकाच गुणकारी आहे.

या पेटीत प्रत्येक जात वेगळी वागते.

घोणस जागा सोडत नाही. पालापाचोळ्यात एकदा बसली की दिवसच्या दिवस तिथेच असते, इतकी की वहीत तीच नोंद पुन्हा लिहावी लागते. ती आळशी आहे म्हणून नव्हे. तिची शिकार करण्याची रीतच दबा धरून बसण्याची आहे. उंदराच्या वाटेवर बसायचं आणि उंदीर येईपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिची हालचाल रात्रीची असते. थंडी पडली की ती दिवसा उन्हाला येते. पेटीतही मग सकाळच्या उन्हाच्या तिरिपेकडे सरकलेली दिसते. आता आमच्याकडचं गवत आठवा. पाऊस संपला की डहाणू-तलासरीच्या माळांवर गवत कापणी सुरू होते, गंज्या रचल्या जातात, मुंबईच्या तबेल्यांकडे ट्रक भरून जातात. कापणारी माणसं दिवसभर उन्हात वाकून असतात आणि त्याच दिवसांत घोणसही उन्हाला बाहेर आलेली असते. तिच्या पाठीवरचे साखळीसारखे ठिपके वाळल्या गवतात दिसत नाहीत, आणि माणूस आला म्हणून ती पळूनही जात नाही. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार ऐकू येतो तेव्हा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. म्हणून गवत मुठीत धरण्याआधी काठीने झोडपून घ्यावं.

फुरसं याच्या उलट, उघड्या आणि खडकाळ माळावरचं. पेटीत वाळू दिली तर त्यात अंग पुरून घेतं, वर फक्त डोळे आणि डोक्याचा माथा. सपाट दगड दिला तर दिवसभर त्याखाली. अंधार पडल्यावर बाहेर येतं. छेडलं तर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. कुशीच्या खवल्यांना दातेरी कणा असतो, आवाज त्याचा. पावसात जमीन ओली झाली की ते खुरट्या झुडपांवरही चढतं. पेटीत फांदी ठेवली की हे लगेच कळतं. फुरशाचे दंश बहुतेक बोटांवर असतात, कारण बांध घालताना, चूल मांडताना, विटा हलवताना माणूस दगडाखाली बोटं घालतो. साप लहान म्हणून लोक दुर्लक्ष करतात. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात, ते गोठलं नाही तर विष भिनलं आहे हे कळतं. एवढी साधी चाचणी तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते.

नागाबद्दल फार लिहीत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. पेटीत तो तिन्हीसांजेला आणि सकाळी जास्त फिरतो. सुरुवातीला माणूस दिसला की फणा काढतो, पण रोज तोच माणूस आला आणि त्रास दिला नाही तर फणा काढणं हळूहळू बंद होतं. नाग माणसाळला असा याचा अर्थ कुणी काढू नये. चावायची त्याची क्षमता तेवढीच असते, फक्त आपल्याला मिळणारी सूचना कमी झालेली असते.

पूर्वेच्या डोंगराकडे बांबूच्या बेटांत चापडा सापडतो, हिरवागार. दिवसा फांदीवर निश्चल, रात्री शेपटीने फांदी धरून डोकं खाली सोडून बसलेला. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने त्याला उंदराच्या अंगची ऊब अंधारातही जाणवते. त्याच्या दंशाने माणूस सहसा मरत नाही, पण सूज आणि वेदना भयंकर असतात. आपल्या देशातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरच बनवलेलं आहे. चापड्यासाठी ते नाही.

ते प्रतिविषही बंदिवासातल्या सापांमुळेच मिळतं. तमिळनाडूत इरुळा आदिवासींची सहकारी संस्था १९७८ साली सुरू झाली. तिथे पकडलेले साप वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवतात, तोंडाला कापड बांधतात, काही आठवड्यांत काही वेळा विष काढून पुन्हा रानात सोडतात. मडकं अंधारं, गार आणि अंगाला टेकणारं. सापाला काय हवं असतं हे इरुळांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ओळखलं होतं. अडचण अशी की एकाच जातीच्या सापाचं विषही प्रदेशाप्रमाणे बदलतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी हे काही वर्षं दाखवून देत आहेत. दक्षिणेतल्या विषावर बनलेलं औषध आमच्या पाड्यावरच्या रुग्णाला किती लागू पडेल, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रातल्या सापांचं विष महाराष्ट्रात, चांगल्या व्यवस्थेत गोळा व्हायला हवं.

पेटी सगळंच खरं सांगत नाही, हेही मान्य करायला हवं. काचेच्या कडेकडेने तासन्‌तास फिरणारी मण्यार शिकार शोधत असते की सुटकेची वाट, हे नोंदीवरून ठरवता येत नाही. भिंत आहे म्हणून ती भिंतीलगत फिरते. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे बहात्तर सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत राहिले. साप उगीच अंगावर धावून येत नाहीत हे त्यातून हजारो लोकांनी पाहिलं, आणि ते मोठंच काम झालं. पण तो साप रानात रात्री कुठून कुठे जातो हे कळायला त्याच्या अंगात छोटा रेडिओ बसवून मागे हिंडावं लागतं. कर्नाटकात आगुंब्याला नागराजावर असा अभ्यास झाला. दूर नेऊन सोडलेला नागराज आपली जागा सापडत नसल्यासारखा लांबच लांब भटकत राहिला. म्हणून जखम भरलेला साप आम्ही सापडला त्याच शिवारात सोडतो, आणि निशाचर असेल तर अंधार पडताना. भर दुपारी उघड्यावर सोडलेल्या मण्यारीला लपायला जागा शोधेपर्यंत घार किंवा मुंगूस गाठतं.

आता पुन्हा मण्यारीकडे, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त काळजी तिचीच आहे. ती दबा धरत नाही, हिंडून शोधते. दुसरे साप, पाली, उंदीर, जे मिळेल ते. फटी आणि भिंतीचे तळ हीच तिची वाट. कुडाचं घर, शेणाने सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात भाताची कणगी, तिच्यामागे उंदीर, आणि भिंतीलगत जमिनीवर अंथरूण घालून निजलेलं पोर. पेटीत मण्यार जिथे फिरते तिथेच, त्याच वेळी, ते पोर झोपलेलं असतं. दंश इतका बारीक की बऱ्याचदा जागही येत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, घसा धरतो, मग पापण्या उघडेनाशा होतात. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं, आणि भगताकडे जाण्यात वेळ जातो. पावसाळ्यात पहाटे पोट दुखून पापण्या जड झाल्या तर साप दिसलेला नसला तरी तडक दवाखाना गाठावा. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या सर्पदंशाच्या नोंदींचा अभ्यास मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या डॉ. राहुल गजभिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. आमचा तालुका देशाच्या सर्पदंशाच्या नकाशावर ठळक झाला तो अशा कामामुळे.

खाट शक्य असेल तर खाट, नसेल तर मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या. नेपाळच्या तराईतल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंश कमी झाल्याचं दिसलं आहे. कणगी भिंतीपासून हातभर पुढे ओढावी, म्हणजे मागे उंदीर वस्ती करत नाहीत.

आणि साप निघाला म्हणून फोन कराल तेव्हा तो केवढा होता याआधी तीन गोष्टी सांगा : किती वाजता दिसला, नेमका कुठे होता आणि त्या वेळी काय करत होता. बहुतेक वेळा एवढ्यावरून, पोचायच्या आधीच, कुठला साप असेल याचा अंदाज येतो, आणि तोवर मुलांना घरातल्या कुठल्या कोपऱ्यापासून दूर ठेवायचं हेही फोनवरच सांगता येतं.